दार उघडं असताना

आत्याला मी फोन केला तेव्हा दुपारचे दोन पस्तीस झाले होते. बाबांचं इंजेक्शन दोनला द्यायचं होतं. ते इस्पितळाच्या औषधांच्या खोलीत तिजोरीत होतं आणि तिजोरी उघडत नव्हती. वरच्या मजल्यावर बाबा ओरडत होते. आयुष्यभर ज्या माणसानं गिऱ्हाइकावरसुद्धा कधी आवाज चढवला नाही, त्याचं ते ओरडणं जिन्यातून खाली येत होतं.

"आत्या, येतेस का? तिजोरी अडकलीय."

"कुठली?"

"इस्पितळातली. बाबांचं औषध आत आहे."

ती म्हणाली, "आता कोणी हात लावू नका तिला," आणि फोन ठेवला.

तिला यायला पंचवीस मिनिटं लागणार होती. तेवढ्यात ती कोण, ते सांगून घेतो. उभ्याउभ्या दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमचं किल्ल्या करायचं दुकान, आजोबांपासूनचं. बाबांना कुलपं यायची. दाराची, कपाटाची, गाडीची, कसलंही कुलूप द्या. तिजोऱ्यांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. आत्या तेव्हा दुकानात नुसती पावत्या फाडायला बसायची. एकदा एका कापडवाल्याची तिजोरी बाबांनी दोन दिवस फिरवली, शिव्या घातल्या, शेवटी पहार शोधायला गेले. परत येऊन बघतात तर आत्या तिच्यापुढे मांडी घालून बसलेली, हातात पेन्सिल, पावतीच्या मागे काहीतरी आकडे मांडलेले. "दादा, ही चोवीसच्या जवळ जरा अडखळते बघ," असं म्हणाली आणि संध्याकाळच्या आत तिनं ती उघडली. दुसऱ्या कुठल्या भावानं ते झाकून ठेवलं असतं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावला आणि दुकानाच्या पाटीवर आपल्या नावाच्या वर तिचं नाव घातलं. कोणी विचारलं तर सांगायचे, "मी कुलूपवाला. तिजोरीवाली माझी बहीण." एवढा अभिमान त्यांनी माझ्या पदवीचा कधी बाळगला नाही, पण ते असो.

सिनेमात तिजोरी उघडणारा माणूस काळे हातमोजे घालतो आणि डॉक्टरची नळी कानाला लावतो. आत्या ते बघून टीव्हीच बंद करायची. हातमोजे घातल्यावर कळणार काय, कपाळ? तिचं सगळं काम बोटांच्या टोकांवर चालतं. तबकडी फिरवायची, कुठे किंचित हलकी लागते, कुठे जड लागते ते टिपायचं, कागदावर ठिपके मांडायचे, पुन्हा फिरवायची. तासन् तास. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं सासरी सांगून टाकलं की घासणीनं बोटं राठ होतात, मी भांडी घासणार नाही. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. आतोबा मुकाट्यानं उठले आणि भांड्यांपुढे बसले, ते अजून बसलेलेच आहेत.

ड्रिल तिच्याकडे आहे, पण ते ती गाडीच्या डिकीत तळाशी ठेवते. एकतीस वर्षांत चार वेळा तिनं तिजोरीला भोक पाडलं, आणि त्या चारही वेळा तिला घरातल्या आजारपणांसारख्या तारखेसकट पाठ आहेत.

आणि तिची एक पद्धत आहे. तिजोरीला हात लावण्याआधी ती माणसाला हात लावते, असं बाबा गमतीनं म्हणायचे. ज्यानं ती शेवटची उघडली किंवा बंद केली, त्याला समोर उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचं, "आता हवेत उघडून दाखवा." लोक ओशाळतात, हसतात, पण करतात. तोंडानं माणूस काहीही सांगतो, मुद्दाम नव्हे, त्याला स्वतःलाच तसं वाटत असतं. हात मात्र जे रोज करतात तेच करतात. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आकडे बरोबर, तबकडी बरोबर, आणि दार महिनाभर उघडत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून हवेत उघडून दाखवलं तेव्हा शेवटी त्यांचा उजवा गुडघा आपोआप पुढे आला. आत्यानं विचारलं, "सर, गुडघ्याचं काही झालं होतं का?" तर महिन्यापूर्वीच ऑपरेशन झालं होतं. दार जरा बसकं होतं आणि पंचवीस वर्षं ते गुडघ्यानं दाबूनच मूठ फिरवत आले होते, त्यांना पत्ताच नव्हता. आत्यानं आपला गुडघा लावला आणि दार उघडलं. मुख्याध्यापक इतके खजील झाले की त्यांनी आम्हाला जिन्यापर्यंत सोडायलासुद्धा यायचं टाळलं.

तर आता त्या सकाळचं. हे सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

बाबांना त्या इस्पितळात ठेवून नववा दिवस होता. आजार बरा होणारा नव्हता. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. ते दर चार तासांनी दिलेल्या मॉर्फिनवर चाललं होतं. ते औषध कुलपात ठेवावं लागतं, तसा कायदाच आहे. आदल्या दिवशी तिथला औषधवाला नोकरी सोडून गेला होता, म्हणून तिजोरीचे आकडे बदलायचे होते. मेट्रनबाईंना माझा धंदा माहीत होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही आहातच इथे, तर बदलून देता का?" बाबांना दहाचं इंजेक्शन देऊन झालं होतं, ते शांत झोपले होते. मी म्हटलं, देतो की.

अशा कुलपाला तबकडीच्या कडेला दोन खुणा असतात. एक बरोबर वर, ती रोज उघडायची. दुसरी जरा डावीकडे, ती फक्त आकडे बदलताना वापरायची. दार उघडं ठेवून, मागच्या बाजूनं एक छोटी चावी घालून आकडे बदलतात. आणि मग आमच्या घरचा नियम, आजोबांपासूनचा: दार उघडं असतानाच नवे आकडे तीनदा फिरवून बघायचे. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा. उघड्या दारात झालेली चूक दोन मिनिटांत सुधारता येते. दार लागलं की तीच चूक आत बसते.

मी आकडे बदलले. चावी काढली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायकोचा होता, बाबा जागे झालेत आणि तुला विचारतायत. मी हातातलं आवरत उठलो. मेट्रनबाईंनी विचारलं, "तपासलं ना?"

"तीनदा," मी म्हणालो.

त्यांनी दार लोटलं, मूठ फिरवली. मी जिना चढून गेलो. बाबांना फक्त पाणी हवं होतं.

दोन वाजता ते दार उघडलं नाही. मेट्रनबाईंनी फिरवलं, मी फिरवलं, एकदोन आकडे मागेपुढे करून फिरवलं, शांतपणे फिरवलं, घाईनं फिरवलं. डॉक्टरांनी दुसरं काहीतरी टोचलं, त्यानं काही फरक पडला नाही. दुसऱ्या इस्पितळातून कुप्या मागवल्या, तर तिथे कागद, सह्या, मग गाडी. संध्याकाळी सात म्हणाले. आणि वरून तो आवाज.

आता मला विचाराल, की बाबा रे, तपासलं नव्हतंस हे तरी सांगायचंस. नाही सांगितलं. माझी अशी खात्री होती की मी आकडे नीट बसवलेत आणि कुलूपच नादुरुस्त आहे. मग उगीच कशाला सांगायचं, असा हिशेब मी मनाशी केला. अठ्ठावीस सालापासून चाललेल्या दुकानाचा मी तिसऱ्या पिढीचा वारस, वय अडतीस, आणि मेट्रनबाई, डॉक्टर, दोन नर्सा अशा सगळ्यांसमोर मी मूग गिळून बसलो.

तीन वाजता आत्या आली. हातात पिशवी, पिशवीत तिचं बुटकं स्टूल. आधी ती वर गेली. दोन मिनिटांत खाली आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की तिला बसायला कोणी सांगेना. ती आपणच बसली.

"शेवटची कोणी बंद केली?"

"मी," मेट्रनबाई म्हणाल्या.

"डोळे मिटा आणि हवेत दाखवा."

मेट्रनबाईंनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं, पण डोळे मिटले. दार लोटलं, मूठ फिरवली, तबकडी फिरवून सोडली. मग उघडून दाखवलं. आत्या त्यांच्या मनगटाकडे बघत होती. "ठीक आहे," ती म्हणाली. "तुमचं काही चुकत नाहीये." मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता मला सांगणार.

"छोट्या, आकडे तू बदललेस?"

"हो."

"दार उघडं असताना तीनदा बघितलंस?"

"बघितलं."

"झालं तर मग," ती म्हणाली, आणि मला हवेत काही दाखवायला न सांगता तिजोरीकडे वळली. घरच्या माणसाला काय दाखवायला लावायचं! मला हायसं वाटलं. हे मी लपवणार नाही, त्या क्षणी मला खरोखर हायसं वाटलं.

तिनं तबकडीला हात लावला. खोलीत कोणी हलेना. पंखा बंद करायला सांगितला. वरून बाबांचा आवाज यायचा तेव्हा तिची बोटं थांबायची आणि आवाज थांबला की पुन्हा चालू व्हायची. दहा मिनिटांनी तिनं हात मागे घेतला.

"आतली चकती सरकली असणार. आकडे बरोबर आहेत, तीनदा उघडलेली आहे आणि आता उघडत नाही, म्हणजे मोडतोड आतच आहे." ती डॉक्टरांना सांगत होती. "बोटांनी बघायचं तर चार तास, कदाचित सहा. आणि चकती सुटली असेल तर कधीच नाही."

"दुसरा मार्ग?" डॉक्टर म्हणाले.

"भोक. पाऊण तास. कुप्या कुठे ठेवल्यायत?"

मेट्रनबाईंनी ओठ आवळले. जागा कमी म्हणून कुप्यांची फळी त्यांनी दाराच्याच आतल्या अंगाला बसवून घेतली होती. कुलपाच्या बरोबर मागे.

आत्यानं डोळे मिटून घेतले. "मग फुटतील. सगळ्या नाही फुटणार कदाचित. आणि आत एक काच असते, तिला धक्का लागला तर जास्तीचे अडसर पडतात, मग उद्यापर्यंत हे दार विसरायचं."

"त्यांना सातपर्यंत असं ठेवणं…" डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"माझा भाऊ आहे तो," आत्या म्हणाली. "छोट्या, डिकीतून ड्रिल आण."

मी आणलं. जिन्याजवळून जाताना कान झाकून घ्यावेसे वाटले, पण दोन्ही हातांत ड्रिल होतं. आत्यानं फूटपट्टी लावली, पेन्सिलीनं दारावर खूण केली, ती पुसली, पुन्हा मोजली, पुन्हा केली. ड्रिलला पातं बसवलं. मेट्रनबाईंनी प्लग लावला. आत्यानं चष्मा चढवला आणि पात्याचं टोक खुणेवर टेकवलं. तिचा हात अगदी स्थिर होता. बाबा वर पुन्हा ओरडले, या वेळी आवाज घोगरा, थकलेला.

"आत्या."

"बोलू नकोस आता."

"आत्या, मी बघितलं नव्हतं."

तिनं टोक उचललं नाही. "काय?"

"तीनदा नाही. एकदाही नाही. फोन आला म्हणून मी तसाच गेलो. मी खोटं सांगितलं."

मेट्रनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आत्यानं ड्रिल जमिनीवर ठेवलं. ती रागावली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उभा राहा इथे," ती म्हणाली. "डोळे मीट. सकाळी केलंस तसं कर. पहिल्यापासून."

मी डोळे मिटले. हवेत चावी घातली. जुने आकडे फिरवले, डावीकडच्या खुणेला थांबवले. चावी वळवली. मग नवे आकडे फिरवायला घेतले आणि पहिला आकडा थांबवला.

"थांब. उघड डोळे. बोट कुठे आहे बघ."

माझं बोट बरोबर वर होतं. डावीकडे नाही, वर. जुने आकडे मी योग्य खुणेला लावले होते आणि नवे, रोजच्या सवयीनं, उघडायच्या खुणेला. ही चूक शिकाऊ माणसं करतात. मी स्वतः इतरांना ती करताना पकडलंय, हसलोय.

आत्या वाट बघत थांबलीच नव्हती, ती तबकडीवर होती. दोन खुणांमध्ये जितकं अंतर, तितके तिन्ही आकडे सरकलेले असणार. तिनं ते आधी मिळवून बघितले. मूठ हलली नाही. मग वजा करून. हलली नाही. "अर्धा आकडा कमी," ती स्वतःशीच पुटपुटली, पुन्हा पहिल्या आकड्यापासून आली, अगदी सावकाश, आणि मूठ फिरली.

मेट्रनबाईंनी कुपी उचलली आणि चक्क पळत सुटल्या. त्या बाईंना मी नऊ दिवसांत घाईनं चालतानासुद्धा बघितलं नव्हतं. तीन वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. मी जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो. वर जायचं धाडस होत नव्हतं. आवाज येत होता, येत होता, मग तुटक झाला, मग थांबला.

नंतर बाबांनी मला बोलावलं. ते घामानं भिजले होते, पण चेहरा सैल झाला होता. "कुलूप खराब होतं का रे?" एवढंच त्यांनी विचारलं. माणूस मरणाच्या दारात, आणि प्रश्न धंद्याचा. मी म्हणालो, "नाही बाबा. मी तपासलं नव्हतं." मग त्यांनी हात जरासा पुढे केला आणि मी तो धरला. ते झोपले तेव्हा माझं बोट त्यांच्या मुठीतच होतं. सोळा दिवसांनी ते गेले. त्या सोळा दिवसांत एकही इंजेक्शन उशिरा झालं नाही.

पण त्या संध्याकाळचं आणखी एक सांगायचं राहिलं. मी खाली आलो तर आत्या औषधांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. स्टूल पिशवीत भरलेलं, ड्रिल पायाशी. मी शेजारी बसलो. विचारावंसं वाटत होतं, विचारलं.

"आत्या, तुला माझी शंका आली होती ना? म्हणून तू एवढा वेळ मोजत होतीस?"

मला खरंच तसं वाटत होतं. ती काय, माणसाच्या मनगटावरून ओळखते. मला वेळ देत असणार, माझ्या तोंडून यावं म्हणून थांबली असणार. तसं असतं तर माझ्या मनावरचं ओझं जरा हलकं झालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तुझी कशाला येईल? तू बघितलं म्हणालास, म्हणून मी ते डोक्यातून काढूनच टाकलं होतं. मी भोक पाडत होते रे."

तिनं हात मांडीवर उलटे ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"माझ्या दादाचं औषध," ती म्हणाली, "मी माझ्या हातानं फोडलं असतं."

मी तिच्या हातांवर हात ठेवायला गेलो. तिनं ते काढून घेतले नाहीत, पण धरलेही नाहीत. आम्ही आतोबा न्यायला येईपर्यंत तसेच बसून राहिलो. ही गोष्ट तिनं घरात आजवर कोणाला सांगितलेली नाही. बाबांच्या माघारी तिनं मला दुकानातून काढलं नाही, की पाटीवर त्या दोघांच्या खाली नंतर घातलेलं माझं नाव पुसलं नाही. लोक तिची वाखाणणी करतात, की बाईनं इस्पितळातली तिजोरी एक कुपी न फोडता उघडली, आणि ती ऐकून घेते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणून मला ते सांगावं लागलं.